लॅपटॉप घरी जोडायचा की विकत घ्यायचा? पंचवीस हजारांच्या आतला मार्ग

बारावीचा निकाल लागला की मला हमखास दोन-चार फोन येतात. २०२५ च्या जूनमधला पहिला फोन भाच्याचा होता. "मामा, आपण लॅपटॉप असेंबल करूया का? दादाचा पीसी तू केला होतास ना, तसाच. सुटे पार्ट घेतले की स्वस्तात पडेल." बजेट पंचवीस हजार. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरची ब्रँच आणि राहायचं हॉस्टेलवर, त्यामुळे डेस्कटॉपचा प्रश्नच नव्हता.

दादाच्या पीसीपुरतं त्याचं गणित बरोबर होतं. लॅपटॉपला ते लागू पडत नाही. का पडत नाही ते आधी समजून घ्या, कारण दुकानात काय विचारायचं हे त्यातूनच ठरतं.

डेस्कटॉपला जमतं ते लॅपटॉपला का नाही

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं एक माप ठरवून दिलं. मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी) केवढा असावा, स्क्रूची भोकं कुठे असावीत, एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, कनेक्टर कसा असावा, हे सगळं त्यात आलं आणि बाकीच्या कंपन्यांनी ते उचललं. म्हणून आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून कॅबिनेट, दुसऱ्यातून बोर्ड आणि तिसऱ्यातून एसएमपीएस घेतला तरी घरी आल्यावर सगळं एकमेकांत बसतं.

लॅपटॉपच्या पोटात असं सगळ्यांनी मानलेलं माप कधी आलंच नाही. बोर्डचा आकार त्या मॉडेलपुरता, पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) त्या मॉडेलपुरते, हिंज (झाकणाची बिजागरी), कीबोर्डची पट्टी, चार्जिंगचा सॉकेट, सगळं तसंच. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत, काही लॅपटॉपमध्ये सॉकेटमधून काढता यायचा. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डवर सोल्डर होऊनच, म्हणजे कायमचे डाग देऊन जोडलेले, येऊ लागले.

चार गोष्टी तेवढ्या बाजारात सरसकट मिळतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बदलता येतात: रॅम (काम चालू असतानाची मेमरी), एसएसडी (फाइली साठवायची जागा), वायफायचं कार्ड आणि बऱ्याच अंशी स्क्रीनचं पॅनेल. पाचवी बॅटरी. ती मॉडेलनुसार वेगळी असते, पण चालणाऱ्या मॉडेलची सहज मिळते.

आता कुणी हट्टाने म्हणेल की एकाच मॉडेलचे सगळे पार्ट सुटे जमवतो. मिळतील. पण ते पार्ट दुरुस्तीसाठी विकले जातात आणि त्यांचा भावही अडलेल्या माणसाच्या हिशोबाने लागतो. ज्याची स्क्रीन फुटलीय तो स्क्रीनला पैसे मोजणारच. चालू मशीन मात्र कंपन्यांकडून शेकड्यांनी, लॉटमध्ये बाहेर पडतं. त्यामुळे बोर्ड, बॉडी, स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी यांची सुटी बेरीज चालू मशीनच्या वर जाते. एखादा पार्ट खराब निघाला तर तो नक्की कुठला हे शोधण्यात आठवडा जातो तो वेगळाच.

तरीही लोकांनी करून पाहिलंय. सिंगापूरला राहणाऱ्या अँड्र्यू 'बनी' हुआंग या अभियंत्याने सहकाऱ्यासोबत नोव्हेना नावाचा, आतून बाहेरून सगळा आराखडा खुला असलेला लॅपटॉप बनवला आणि २०१४ मध्ये लोकवर्गणीतून विकला. लॅपटॉपच्या रूपातल्या नोव्हेनाची किंमत होती १,९९५ डॉलर, आणि प्रोसेसर त्या काळच्या मानानेही साधाच. अमेरिकेतली फ्रेमवर्क ही कंपनी २०२१ पासून असा लॅपटॉप विकते, ज्यात रॅम, एसएसडी आणि पोर्ट तुम्ही स्वतः बसवता आणि पुढे बोर्डही बदलू शकता. कल्पना मला फार आवडते. पण त्यातलाही बोर्ड बॉडीत बसवूनच येतो, आणि पहिल्या मॉडेलची सुरुवात रॅम-एसएसडी न धरता ७४९ डॉलरपासून होती. आपल्या पंचवीस हजारांच्या गोष्टीत ते बसत नाही. रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा एका बोर्डचा कॉम्प्युटर), छोटी स्क्रीन आणि पॉवर बँक एका डब्यात बसवून 'लॅपटॉप' करणारेही भेटतात. शिकायला उत्तम प्रकल्प, पण चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला तो पुरणार नाही.

मग भाच्याला काय सांगितलं? "आपण अर्धा असेंबल करू." ऑफिसात वापरलेला चांगल्या बांधणीचा जुना लॅपटॉप घ्यायचा आणि बदलता येणाऱ्या गोष्टी आपल्या हाताने बदलायच्या. पुढचं सगळं त्याबद्दल.

पायरी १: ऑफिसचा माल म्हणजे काय ते ओळखा

प्रत्येक मोठ्या कंपनीचे लॅपटॉप दोन जातींचे असतात. एक मॉलमध्ये आणि सेलमध्ये दिसणारे. दुसरे ऑफिसांना विकले जाणारे: लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. या दुसऱ्या जातीला नवं असताना बरीच जास्त किंमत असते. आयटी कंपन्या ते तीन-चार वर्षं वापरतात आणि एकदम मोडीत काढतात. हिंज मजबूत, कीबोर्ड चांगला, आणि मुख्य म्हणजे उघडायला सोपे, कारण ते कंपनीच्या आयटीवाल्याने टेबलावर बसून दुरुस्त करावेत अशाच बेताने बनवलेले असतात. बाजारात यांना 'रिफर्बिश्ड' म्हणतात. पुष्कळदा रिफर्बिश्डचा अर्थ पुसून, स्टिकर लावून, विंडोज टाकून दिलेला एवढाच असतो. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' या शब्दांवरही जाऊ नका, प्रत्येक दुकानाची ग्रेड वेगळी.

पायरी २: पिढी आधी, आय५-आय७ नंतर

दुकानदार ओरडून सांगतो "आय सेव्हन आहे साहेब!" आय५, आय७ हे इंटेलच्या प्रोसेसरचे दर्जे. तुम्ही पिढी विचारा. इंटेलच्या नावात ती लिहिलेली असते: आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी.

आठवी पिढी ही आपली लक्ष्मणरेषा. त्याला दोन कारणं आहेत. सातव्या पिढीच्या आय५-७२००यू मध्ये दोन कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) होते, आठव्याच्या ८२५०यू मध्ये एकदम चार झाले. चौथ्या पिढीतला आय७-४६००यू सुद्धा दोनच कोअरचा. म्हणजे जुना आय७ घेऊन मिरवणारा नव्या आय५ पुढे मागेच पडतो. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची सुरुवात, अगदी थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून होते. त्या आधीचे लॅपटॉप म्हणूनच धडाधड स्वस्त झालेत, आणि ते स्वस्त आहेत म्हणून लोक घेतायत.

मॉडेल निवडताना रॅमचे स्लॉट, म्हणजे रॅमची काडी बसवायच्या जागा, पाहा. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, ७४९० आणि ५४००, एलिटबुक ८४० जी५ आणि जी६, यांत दोन स्लॉट आहेत. टी४८०एस आणि टी४९० मध्ये थोडी रॅम बोर्डवर पक्की आणि एक स्लॉट. एक्स१ कार्बन दिसायला राजबिंडा, पण सगळी रॅम सोल्डर केलेली: जेवढी आली तेवढ्यावर जन्म काढायचा.

इथे एक खोच आहे. टी४८०, ५४९०, ८४० जी५ ही मॉडेलं सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही निघाली होती. त्यामुळे झाकणावरच्या मॉडेलच्या नावावर भागत नाही, प्रोसेसर स्वतः वाचा.

पायरी ३: दुकानातला अर्धा तास

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग. पुण्यात तपकीर गल्ली आणि तिच्या आजूबाजूचा भाग. दिल्लीत शिकणाऱ्यांना नेहरू प्लेस, बंगळुरूवाल्यांना एसपी रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळीही जाऊ नका, कारण गर्दीत तुम्हाला कुणी अर्धा तास लॅपटॉप तपासू देणार नाही. सकाळी अकराला, दुकान झाडून होताना पोहोचलं की निवांत बोलता येतं.

सोबत काय न्यायचं: एक पेन ड्राइव्ह, त्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर, इयरफोन, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट चालू.

मशीन हातात आलं की चालू करायच्या आधी बंद अवस्थेतच टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे दाबून बघा. डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ते मशीन परत द्या. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा, हिंज करकरली किंवा बॉडी उचलली गेली तर तेही परत. स्क्रूंकडे बघा. डोकी खाल्लेले, गंजलेले किंवा गायब स्क्रू म्हणजे आधी कुणीतरी घाईत उघडलंय, किंवा मशीन दमट जागेत राहिलंय. कोकणातून आलेल्या दोन लॅपटॉपचे स्क्रू काढताना मी घाम गाळलाय, म्हणून हे आवर्जून लिहितो.

मग चालू करा आणि सगळ्यात आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. इथे पासवर्ड मागितला की विषय संपला, दुकानदार "नंतर काढून देतो" म्हणाला तरी. बायोसमधला सीरियल नंबर आणि बुडाच्या स्टिकरवरचा नंबर जुळतो का पाहा. जुळला नाही तर बोर्ड बदललेला असण्याची शक्यता मोठी.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडा. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' असं लिहिलेलं असतं. 'वन ऑफ टू' दिसलं तर एक जागा रिकामी आहे, म्हणजे पुढे दुसरी रॅम घालता येईल. त्याखाली 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' आलं तर रॅम सोल्डर केलेली. दुकानदाराला स्वतःलाही हे कधीकधी माहीत नसतं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' लिहायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट'. जी फाइल तयार होते तिच्यात दोन आकडे शोधा: 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. नवी असताना ५० आणि आता ३० असेल तर बॅटरी साठ टक्क्यांवर आली. साठच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत मनात धरून भाव करा. वाईट बॅटरी हे मशीन न घेण्याचं कारण नाही, घासाघीस करायचं कारण आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत आणि 'पॉवर ऑन अवर्स' दिसतात. ऑफिसात रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, तीन वर्षं धरली तर सहा हजार तास होतात, तेवढे दिसले तर दचकू नका. उलट पाच-दहा तासच दिसले तर दुकानदाराने स्वस्तातली नवी एसएसडी घातलीय. कुठल्या कंपनीची आहे ते नाव बघून ठेवा.

स्क्रीनचं रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० असलंच पाहिजे. याच मॉडेलांत १३६६ गुणिले ७६८ ची पॅनेलंही आली होती. ती बाजूने पाहिली की फिकट पडतात, आणि त्यावर कोड लिहिणाऱ्याचे डोळे महिन्याभरात तक्रार करतात. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो उघडून ठिपके शोधा. नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ एकदा दाबा. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह घाला. टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होतंय का ते आवर्जून पाहा. काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (या पोर्टमागच्या चिपच्या) फर्मवेअरमुळे, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमुळे, हा पोर्ट बिघडायचा आणि लेनोव्होने त्यासाठी अपडेट काढला होता. पोर्ट चालू असेल तर घरी गेल्यावर तो अपडेट आधी टाका. कॅमेरा, माइक, स्पीकर, हेडफोन यांना मिनिटभर द्या.

चार्जर मूळ कंपनीचा आहे का? डेलचा लॅपटॉप चार्जर ओळखतो. डुप्लिकेट लावला की सुरुवातीलाच इशारा देतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरही मंद चालवतो. लोक मग विंडोजला शिव्या घालतात. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा.

आणि शेवटचं, जे बहुतेक जण करत नाहीत. दुकानातच विंडोज पूर्ण रिसेट करायला लावा आणि हॉटस्पॉट जोडून सुरुवातीचा सेटअप स्वतः करा. २०२२ मध्ये मी हे केलं नव्हतं. घरी येऊन रिसेट केलं, वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर एका अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिथला ऑफिसचा ईमेल मागायला लागलं. मशीन त्या कंपनीच्या व्यवस्थापनातून कधी काढलंच नव्हतं. दुकानदाराने बदलून दिलं, कुरकुर केली नाही, पण माझ्या मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या. रिसेटला वेळ लागतो. तेवढ्यात समोर चहा घ्या.

पायरी ४: बिल

जीएसटीचं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि वॉरंटीचे दिवस हाताने लिहून शिक्का. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे "बिलाशिवाय घेतलात तर कमी करतो" हे ऐकायला मिळणारच. कमी करून घेऊ नका. मशीन चोरीचं निघालं तर तुमच्या हातात तो कागदच असतो.

ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या बाजारात अनोळखी माणसाकडून घेणार असाल तर त्याच्याकडून मूळ बिल मागा आणि अॅडव्हान्स पाठवू नका. "आर्मीत आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो" ही कथा ऐकू आली की फोन ठेवा.

पायरी ५: घरी आणल्यावर उघडा

हाच तो असेंबल करण्याचा भाग, आणि भाचा याचीच वाट बघत होता.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगल्या टोकाचा छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (मोबाइल रिपेअरचा दीडशे रुपयांचा सेट बहुतेक वेळा पहिल्याच स्क्रूला झिजतो, थोडे जास्त खर्च करा), एक जुनं एटीएम कार्ड आणि एक कोरा कागद. कागदावर लॅपटॉपच्या बुडाची आकृती काढा आणि जो स्क्रू जिथून काढलात तिथेच चिकटपट्टीने चिकटवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो वरून तळहाताच्या जागेला फोड आणतो. टी४८० सारख्या मॉडेलमध्ये झाकणाचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, तेवढी काळजी कमी.

आधी बॅटरीची जोडणी तोडायची. थिंकपॅडमध्ये बायोसच्या पॉवरच्या पानावर आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय असतो. तो निवडला की मशीन विझतं आणि चार्जर लावेपर्यंत जागं होत नाही. बाकीच्यांमध्ये झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. अंगातली स्थिर वीज घालवायला खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा. पूर्वी नळाला लावा म्हणायचे, आता नळामागचा पाइप प्लॅस्टिकचा असतो. हिवाळ्यात, विशेषतः विदर्भातल्या कोरड्या हवेत, स्वेटर घालून हे काम करू नका.

झाकणाच्या कडेने एटीएम कार्ड फिरवत एकेक क्लिप सोडवा. ओढू नका. माझ्या पहिल्या लॅपटॉपची, कीबोर्डला बोर्डशी जोडणारी पट्टी मी ओढूनच तोडली होती, तिचं लॉक उघडायचं असतं हेच माहीत नव्हतं.

रॅम घेताना पिढी जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, स्टिकर वाचा. तिरकी घालायची, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या की खाली दाबायची, दोन्ही बाजूंना 'टक' असा आवाज येतो. एकच सोळाची घालण्यापेक्षा आठ अधिक आठ चांगलं, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं आणि दोन काड्यांमुळे त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काही वेळ काळीच राहू शकते. मशीन नवी रॅम ओळखत असतं. घाबरून लगेच बटण दाबून बंद करू नका.

एसएसडीत दोन प्रकार दिसायला सारखे. कनेक्टरला एकच खाच असेल तर सहसा एनव्हीएमई (वेगवान प्रकार), दोन असतील तर बहुतेक साटा (जुना, हळू प्रकार). तुमचा स्लॉट कुठली घेतो ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी बघा. ही मॅन्युअलं थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या तिन्हींची त्यांच्या कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतात, चित्रांसह. ऑफिसच्या मालाचा हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

उघडलंच आहे तर पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) पहिल्याच दिवशी बदलायची गरज नाही. आठवडाभर वापरून प्रोसेसरचं तापमान सारखं पंच्याण्णव अंशांच्या वर जात असेल तरच हीटसिंकला हात घाला.

भाच्याचा हिशोब असा झाला: टी४८०, आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, चांगली स्क्रीन, १७,५०० रुपये. ८ जीबीची आणखी एक रॅम १,६००. ५१२ जीबीची एनव्हीएमई ३,०००. मागची बॅटरी २,२००. (या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे, बाहेरून काढता येणारी.) एकूण २४,३००.

पण हे आकडे जसेच्या तसे धरू नका. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन स्वतःकडे ओढलं आणि जगभर रॅमचे भाव चढले, एसएसडीचेही. त्यामुळे माझा सल्लाही बदललाय. तेव्हा मी ८ जीबीचं मशीन घेऊन वर काडी घाला म्हणत होतो. आता आधीपासून १६ जीबी असलेलं मशीन शोधा आणि दोन्हींचा फरक तिथेच बेरीज करून बघा. सुटी रॅम वापरलेली घेतली तरी चालते, रॅम सहसा झिजत नाही. एसएसडी आणि बॅटरी मात्र वापरलेली घेऊ नका.

पायरी ६: विंडोज की लिनक्स

इथे फार वेळ घालवायला नको. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची मूळ किल्ली बहुधा बायोसमध्येच असते, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून नव्याने विंडोज ११ टाकलं की नेट लागताच ते आपोआप सक्रिय होतं. दुकानदाराने घातलेलं विंडोज ठेवू नका, त्यात काय काय घातलंय ते तुम्हाला माहीत नाही. सक्रिय झालं नाही तर 'अॅक्टिव्हेटर' डाउनलोड करण्याऐवजी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाका. मराठी टायपिंग दोन्हींत होतं.

नवा कधी घ्यावा

वीजजोडणी बरी असेल आणि लॅपटॉप न्यायचा नसेल तर कुठलाच लॅपटॉप घेऊ नका, त्याच ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप आणखी स्वस्त पडतात. फक्त भारनियमनाच्या गावात यूपीएसचा खर्च धरा.

गेमिंग, थ्रीडी मॉडेलिंग, रोजचं व्हिडिओ एडिटिंग असेल तर वरचं मशीन पुरणार नाही. आईवडिलांसाठी घेताय आणि बिघडल्यावर उघडणारं घरात कुणी नाही, तेव्हाही नवा घ्या, घरी येऊन दुरुस्त करून देण्याच्या वॉरंटीसह. परदेशातून कुणी येणार असेल तर अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो, पण त्याची वॉरंटी भारतात चालते का हे घेण्याआधी विचारायला सांगा.

स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपमध्ये तीन सापळे आहेत. सेलेरॉन एन४०२० आणि ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डवर पक्की केलेली हळू साठवण) असलेलं मशीन: विंडोजच्या अपडेटलाच जागा पुरत नाही. दुसरा, ८ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि स्लॉट शून्य. तिसरा नावाचा: एएमडी कंपनीचा प्रोसेसर रायझन ५ ७५२०यू वाचून सातवी मालिका, म्हणजे अगदी ताजा माल वाटतो, पण आतले कोअर झेन २ या जुन्या रचनेचे आहेत आणि रॅम सोल्डर केलेलीच.

पायरी ७: पहिले सात दिवस

दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत मशीनला राबवून घ्या. एका रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवून ठेवा, सकाळी एक जरी चूक दिसली तरी रॅम परत. एक दिवस चार्जर न लावता वापरा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जागं होतं का पाहा. दोन तास सलग व्हिडिओ कॉल करा, पंखा, माइक, वायफाय आणि बॅटरी एकदमच तपासली जातात.

काढलेली २५६ ची एसएसडी कपाटात टाकू नका. ती एनव्हीएमई असेल तर तिच्यासाठीचा यूएसबीचा केस सातआठशे रुपयांत येतो. भाच्याने त्यात घालून तिच्यावर लिनक्स टाकलंय, आणि हॉस्टेलमधलं कुणी "माझा लॅपटॉप चालू होत नाही" म्हणत आलं की आधी तीच लावून बघतो.